डिकीची उंची

गाड्यांच्या डिक्या बटणावर उघडायला लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. एका गाडीची डिकी भारी तोऱ्याची. उघडली की थेट आभाळाला भिडायला निघायची. मालकीण यमुबाई ठेंगणी. बंद करायचं बटण डिकीच्या कडेला, तिथवर तिचा हात पुरायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज हाका मारायच्या. एकदा कुणीच येईना. टाचा उंचावून थकलेली बाई म्हणाली, "विकूनच टाकते ही गाडी!"

आतला जॅक डिकीवर खेकसला, "ऐकलंस? जरा खाली ये की!"

"मी का वाकू? पूर्ण उघडणं माझा हक्क आहे."

"अगं बये, मी अख्खी गाडी उचलतो, पण चाक निघेल एवढीच. जास्त उचलली तर काय माझी मिरवणूक काढणार आहेत?"

यमुबाईनं छत्रीची मूठ अडकवून डिकीला ओढलं. रोज अडून बसणारी डिकी मुकाट खाली आली, बाईच्या डोक्यावर वीतभर थांबली. बाईनं तिथंच बटण दाबून धरलं. उंची पक्की झाल्याचं टुंग वाजलं. ती उंची डिकीनं ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी डिकी तेवढीच उघडली. यमुबाईनं सामान काढलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि हसून स्वतःच बटण दाबलं.