भुरीमायचं पाणी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणपाड्याभोवती माणूस बुडेल एवढं रोशा गवत वाढायचं. पाऊस सरला की ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या आणि गवत उकळून त्याचं तेल काढायचे. वर तरंगणारं तेल व्यापारी न्यायचा, खालचं वासाचं पाणी लोक ओढ्यात ओतून द्यायचे. आता ना तेवढं गवत राहिलं, ना तो वास. आठवलं की जीव हळहळतो.

भट्टीवाल्यांत भुरीमाय सगळ्यांत म्हातारी. डोळ्यांना न दिसणारे रोगाचे जीव तिला वाफेत दिसायचे, असं म्हणतात. तेल त्यांच्या कातडीत शिरतं, कातडी फाटते आणि आतलं सगळं गळून जातं, असं ती सांगायची. लोक हसायचे. पण गवताच्या पात्यांनी तिचे हात रोज चिरायचे, ती ते त्याच वासाच्या पाण्यात धुवायची आणि एकही जखम कधी पिकली नाही.

एका साली पाड्यात बाळंतज्वर शिरला. ओळीने पाच बाळंतिणी गेल्या. अशात भुरीमायची एकुलती लेक जमनी माहेरी बाळंतपणाला आली. कळा सुरू झाल्या, तशी पाड्याची एकच सुईण ठगूबाई दुसरं बाळंतपण उरकून तडक आली, लुगड्याला हात पुसत. भुरीमाय दारात आडवी उभी राहिली.

"ठगू, पहिले हात धू, मंग पोरले हात लाव."

"मना हातवर शंभर पोरं उनात," ठगूबाई भडकली. "मी काय बाटेल शे?"

विटाळलेली म्हटल्यासारखं वाटून ती माघारी वळली. आत जमनी ओरडत होती. भुरीमायने वाद घातला नाही. एवढी जुनी बाई, पण सुईणीच्या पायाशी बसली, तिचे हात ओढून भट्टीच्या वासाच्या पाण्यात घातले आणि कोपरापर्यंत स्वतः धुतले. पाणी फसफसून काळं झालं, असं म्हणतात.

जमनी वाचली. बाळही वाचलं.

पाचवीच्या दिवशी ठगूबाई आली आणि आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"माय, मंग त्या पाच जनी?"

भुरीमायने ठगूबाईला जवळ घेतलं आणि दोघी पोटभर रडल्या. तेव्हापासून ते पाणी कुणी ओतून दिलं नाही आणि ज्वराने पुन्हा ओढा ओलांडला नाही, असं म्हणतात.

आता सरकारी नर्सबाई येतात. साबणाने हात धुतात, हातमोजे घालतात. पण ओढ्याकाठी रोशाचा एक वाफा अजून राखलाय. बाळंतिणीची आई भुरीमायचं नाव घेऊन त्या पाण्याने नर्सबाईंचे हात आधी स्वतः धुते. धुताना त्या पाच जणींची नावं घेते, आणि पाचवं नाव होईपर्यंत नर्सबाई हात मागे घेत नाहीत.