तंदुरुस्तीचा दाखला

"मग निरोगी म्हणायचं तरी कुणाला, भानुबाबा?"

भर दुपारी, उन्हातून चालत आलेले डॉक्टर उमाकांत टिपरे मठीच्या पायरीवरच थांबले होते. ते तुरुंगाचे डॉक्टर. जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आत चटईवर बसलेले भानुबाबा एके काळी त्याच तुरुंगात कंपाउंडर होते. टिपरे नवे असताना कैद्याच्या अंगाला हात कसा लावावा, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"कायदा काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"फाशीच्या दिवशी कैदी आजारी नसावा. ताप नको. शुद्ध हवी. आपल्या पायांनी चालता यावं. एवढं असलं की मी सही करायची... तंदुरुस्त."

"बरं."

"सोमा गावंड्याला टायफॉइड झाला. फाशी पुढं ढकलली. अठरा दिवस मी त्याच्या उशाशी होतो, बाबा. दुसऱ्या कुणाच्या हातून तो वाचला नसता!" डॉक्टरांचा जुना ताठा क्षणभर परत आला. "आधी पेज पाजली, मग मऊ भात. चार किलो वजन वाढवलं त्याचं."

"बरा झाला?"

"ठणठणीत."

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आज पहाटे नेलं त्याला. चालत गेला. वाटेत थांबून मला हात जोडले. म्हणाला, डाक्टरसाहेब, तुमच्या हाताला गुण आहे..."

डॉक्टरांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"मी माझं काम चोख केलं. कायद्याबाहेर एक अक्षर लिहिलं नाही. माझं काय चुकलं, सांगा ना!"

बाबांनी नुसता हात पुढं केला.

डॉक्टर आत आले, गुडघ्यांवर बसले. घाईत अंगठ्यानंच मनगट दाबलं, घड्याळाकडे पाहिलं. मोजता मोजता चुकले. पुन्हा मोजलं. कपाळावर आठी पडली.

"बाबा, ठोके भलतेच जोरात पडताहेत. एकशे तीस... त्याहून जास्तच. तुमची तब्येत ठीक नाही. उठा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

बाबा जागचे हलले नाहीत. मनगट धरलेल्या त्या हाताकडे त्यांनी पाहिलं.

"अंगठा काढ, डॉक्टर," ते म्हणाले. "अंगठ्याला आपलेच ठोके लागतात."