दहा लाखांची चढाई

किनाऱ्यावरच्या एका गावात कबड्डी मंडळाला टीव्हीवरच्या लीगच्या निवडीसाठी एकच नाव पाठवायचं होतं. कोळीवाड्यातला दत्ताराम दहा वर्षं त्या मैदानावर घाम गाळत होता, त्यामुळे त्याचंच नाव जाणार असं सगळे धरून चालले होते. पण अध्यक्ष भाऊसाहेबांनी बैठकीत शेजारी बसलेल्या पुतण्याचा, रणधीरचा, व्हिडिओ लावला. त्यात दणदणीत गाणं होतं, एक चढाई होती आणि पाच गडी बाद.

"दहा लाख लोकांनी पाहिलाय," भाऊसाहेब म्हणाले. "सुमतीकाकू, पत्रावर याचं नाव घाला आणि सही करा."

काकू मंडळाच्या जुन्या पंच. गडी जरा जास्तच सोयीने पडतायत, असं त्यांना वाटलं.

"गाणं बंद करून लावता का?"

"गाणं काढलं तर उरणार काय?"

"कबड्डी उरायला हवी, भाऊसाहेब. आता सगळ्यांनी रणधीरच्या तोंडाकडे बघा."

गाण्याविना पुन्हा लावलेल्या व्हिडिओत पाचही गड्यांना शिवून परत येईपर्यंत रणधीर ओठ मिटून कॅमेऱ्याकडे हसत होता. 'कबड्डी, कबड्डी' एकदाही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"रणधीर, दम न घुमवता चढाई केली तर बाद कोण होतं रे?"

"चढाई करणारा," रणधीर पुटपुटला.

भाऊसाहेब चिडले. "मग दहा लाखांत एकालाही हे कळलं नाही?"

"ते गाणं ऐकत होते," काकू म्हणाल्या. "पंचाला दम ऐकावा लागतो."

आणि त्यांनी दत्तारामचं नाव लिहून सही केली.