डुकरांचा मानपान

राजाचं फर्मान निघालं : आठ दिवसांत रानातल्या प्रत्येक नर डुकराच्या डोक्याला फेटा आणि प्रत्येक मादीच्या पाठीवर खण बांधायचा, नाहीतर सुभाना रानराख्यानं बायकापोरांसह राज्य सोडायचं!

कारण म्हणाल तर साधंच होतं. भैरोजीराजांनी दांडगा नर मारल्याची दवंडी पिटवली आणि दुसऱ्याच दिवशी त्या ‘नरा’ची सात पट्टेरी पिल्लं राजवाड्यात येऊन बसली. हुसकली तरी जाईनात. राजे दरबाराला निघाले की पिल्लंही मागोमाग. राणीसाहेब तोंडाला पदर लावून हसत. राजांनी खूप विचार केला आणि ठरवलं, चूक डुकरांची आहे. माणसांत बाई कोण, बुवा कोण हे लांबून कळतं, मग डुकरांनाच काय धाड भरली?

सुभानानं हाय खाल्ली. पहिलाच फेटा बांधायला गेला, तर डुकरानं त्याला धोतरासकट ओढ्यात फेकलं. तो कण्हत पडला आणि बायको भांडीकुंडी बांधायला लागली. त्यांची मुलगी गिरजा लहानपणापासून मचाणावर बसून जोंधळा राखायची. डुकरांच्या सात पिढ्या तिच्या ओळखीच्या. तिला बापाचा कळवळा आला, राजाचा संतापही आला, आणि ती तडक दरबारात गेली.

“महाराज, डुकरं तयार हाईत,” ती म्हणाली. “पर रुसून बसल्यात. मानाचा फेटा यजमानानं सोताच्या हातानं बांधायचा, अशी रीत हाय म्हणत्यात. नोकराच्या हातचा मान त्येंना चालत न्हाई.”

दरबारात कुणी हसलं नाही, कारण राजे गंभीरपणे मान डोलावत होते. मानपानावरून त्यांनी स्वतःच्या व्याह्यांशी पाच वर्षं अबोला धरला होता. डुकरांचं म्हणणं त्यांना तंतोतंत पटलं.

दुसऱ्या दिवशी राजे ताटात फेटे आणि खण घेऊन रानात शिरले. सेवकांना त्यांनी लांबच थांबवलं. गिरजा आधीच मचाणावर जाऊन बसली होती. झुडूप हललं आणि क्षणात ताट एकीकडे, राजे बाभळीवर!

“पोरी, हाकल त्याला!”

“हाकलते की. पर नर हाय का मादी?”

“नर आहे, नर!”

“फेटा तर दिसत न्हाई. कशावरनं म्हणता?”

“डोळे फुटले का तुझे? एकटाच आहे, खांदा बैलासारखा, आणि सुळे बघ केवढे वर वळलेत!”

गिरजानं डफडं बडवलं, तसा नर पळाला. राजांनी एक पाय खाली सोडला तोच दुसरी स्वारी आली. पाय पुन्हा वर गेला. आता कोण आलंय, असं गिरजानं विचारलं.

“मादी! सुळे दिसत नाहीत, आणि मागं पिल्लांची ही रांग!”

“पर पाठीवर खण न्हाई, महाराज.”

“खण कशाला हवा? इथून आंधळ्यालाही कळेल!”

“मग फेट्यापरीस झाड बरं,” गिरजा शांतपणे म्हणाली. “इथनं पुढं बाण सोडायच्या आधी झाडावर चढत जावा. चूक व्हायची न्हाई.”

राजे आधी लालबुंद झाले. मग त्यांना आपण कुठे बसलोय ते दिसलं आणि हसू फुटलं. काटे टोचत होते तरी हसू थांबेना. त्यांनी फांदीवरूनच नवं फर्मान काढलं : जुना हुकूम रद्द, रानाची राखण सुभानाच्या घराण्याकडे कायम, आणि जोंधळ्याचं ते शेत गिरजाला इनाम.

तेव्हा कुठे गिरजानं पुन्हा डफडं हातात घेतलं.