सावरीचा कापूस

फार पूर्वी एका रानात साळुंकीबाई पाखरांना सावरीचा कापूस घरटोघरटी विकायला पाठवायची. कापूस परत आणणाऱ्याचा ती सगळ्यांसमोर पाणउतारा करायची. चिमणी मात्र रोज कापूस संपवून बदल्यात दाणे आणायची, म्हणून तिचं कौतुक व्हायचं.

एकदा साळुंकी तिच्या घरी गेली. घरटं कापसानं गच्च भरलेलं आणि चिमणी उपाशीपोटी बाहेर फांदीवर कुडकुडत बसलेली.

“अगं, परत का नाही आणलास?”

“तुमच्या बोलण्याची भीती वाटायची, बाई. माझ्याच घासातले दाणे भरले.”

साळुंकीची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः चिमणीबरोबर निघाली. पहिल्याच घरट्यातला होला खेकसला, “आम्हाला काड्या पुरेत. चालत्या व्हा!”

चिमणी हळूच म्हणाली, “असू द्या बाई, पुढचं घर बघू.”

एवढं तर आपल्यालाही म्हणता आलं असतं, या विचारानं साळुंकीला तिच्याकडे बघवेना.