तांबटणीचे दोन अर्ज

भिवाजी तांबटांच्या हातोडीचा ठोका मधेच चुकू लागला, आणि ते सर्वांत आधी कळलं त्यांच्या बायकोला, सगुणाबाईला. पोटी मूलबाळ नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या निराधारांना संस्थानाकडून सेवेकरी मिळत असे, म्हणून तिने लगोलग दिवाणांच्या कचेरीत अर्ज नेला.

दिवाण हसले. "नवरा चांगला हिंडता-फिरता आहे आणि तू सेवेकरी मागतेस? आडवा पडला की ये!" अर्जावर त्यांनी 'घाई' असा शेरा मारला आणि खाली शिक्का उठवला. सगुणाबाईने तो कागद जपून ठेवला.

तीन वर्षांनी भिवाजी कोसळले ते पुन्हा उठलेच नाहीत. त्यांना कुशीवर वळवता वळवता तिची स्वतःची कंबर गेली. तशीच वाकत ती कचेरीत आली.

"नियमाप्रमाणे माणूस पडला की लगेच अर्ज हवा," दिवाण म्हणाले. "उशीर केलास, बाई."

तिने जुना कागद पुढे सरकवला. "तेव्हा आले तर घाई, आज आले तर उशीर. मग वेळेवरचा दिवस एकच राहिला, साहेब, ते पडले तो. त्या दिवशी माझे दोन्ही हात त्यांच्या काखेत होते. अर्ज कुठल्या हातात धरणार होते?"

आपलाच शिक्का बघून दिवाणांनी सेवेकरी मंजूर केला.

ती मात्र जागची हलेना. कनवटीचा दुसरा कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला.

"हा माझा. शेरा नको, नुसती तारीख घाला. मी आडवी पडेन तेव्हा माझ्यासाठी इथवर येऊन भांडायला कोणी नसेल."