काचेआडचं बोलणं

मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढून तात्या कोष्टींचे कान गेले होते. लेक शालन त्यांना थीम पार्कात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दाखवायला घेऊन आली. तिकीटखिडकीत तिने बहिऱ्या प्रेक्षकांना खेळापुरतं मिळणारं कानाचं यंत्र मागितलं, तर मॅनेजरने काच लावून घेतली आणि तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला, “म्हातारा सोंग करतोय.”

“सोंग नाही, साहेब,” तात्या बाहेरून ओरडून म्हणाले.

मॅनेजरने खाडकन काच उघडली. “बघा! बंद काचेतूनही ऐकू येतं की!”

“माझ्या लेकीचे कान धड आहेत. तुम्ही काय बोललात, तिला विचारा.”

शालनला काहीच ऐकू आलं नव्हतं.

“मागावर आम्ही ओठ बघूनच बोलायचो,” तात्या हसले.

मॅनेजर खजील होऊन यंत्र घेऊन बाहेर आला. त्यांच्या कानात ते बसवताना त्याने विचारलं, “एवढे ओठ वाचता, मग हे कशाला?”

“बाहुल्यांचे ओठ रंगवलेले असतात, बाळा. हलत नाहीत.”